नवस कुठेही चालतो, कावळा मात्र घरचाच लागतो

मुंबईत वाढलेल्या माणसाला देवांचे वार पाठ असतात. मंगळवार सिद्धिविनायकाचा, बुधवार माहीमच्या चर्चचा, गुरुवारी मखदूम बाबांचा दर्गा, शनिवारी मारुती. आणि ह्यात आपण धर्म वगैरे ओलांडतोय असं कुणाच्या डोक्यातही नसतं. माझी मावशी पक्की गणपतीवाली, संकष्टी कधी चुकवली नाही, पण मुलाला नोकरी लागेना तेव्हा तिने माहीमच्या सेंट मायकल चर्चला ओळीने नऊ बुधवार केले. तिथे दर बुधवारी दिवसभर नोव्हेना चालतो, मदर मेरीची प्रार्थना, आणि मध्ये लोकांची पत्रं वाचून दाखवतात, मूल झालं, व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली. रांगेत गळ्यात मंगळसूत्र घातलेल्या बायका कितीतरी. बांद्र्याला सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते तिथे मेणाचे पाय, हात, घरं, बाळं विकत मिळतात, ज्याचं जे दुखतंय किंवा ज्याला जे हवंय ते मेणाचं घेऊन वाहायचं. माहीमच्या दर्ग्याच्या उरुसात तर पहिल्या दिवशीचा मान मुंबई पोलिसांचा असतो, खाकी वर्दीतले लोक वाजतगाजत संदल घेऊन जातात. आणि अलिबागकडे खंडाळे गाव आहे, तिथे बेने इस्राएल लोकांचा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, येऊन गेला अशी श्रद्धा. हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. नवस फेडायचा म्हणजे मलिदा करायचा, त्यात गोड केलेले पोहे, नारळ, फळं. मलिदा! म्हणजे शब्दही दर्ग्यात चालतो तोच.

तर मागायची वेळ आली की आपण सगळे सगळीकडे जातो. पण माणूस गेलं की काय होतं ते बघा कधी. तीच माझी मावशी, तिचे यजमान गेले तेव्हा, नऊ बुधवार करणारी बाई, तिला एकदाही वाटलं नाही की चला ह्यांच्या आत्म्यासाठी माहीमला एक मिस्सा सांगूया, किंवा दर्ग्यात फातिहा पढून घेऊया. दहावा, बारावा, तेरावा, सगळं अगदी सासरच्या पद्धतीने, कोकणस्थांचं वेगळं देशस्थांचं वेगळं इथपर्यंत चौकशी करून. आमच्या ओळखीचा एक वसईचा मित्र आहे, कॅथलिक, तो परीक्षेच्या आधी न लाजता सिद्धिविनायकाला जायचा, पण आजीसाठी त्याने पिंड ठेवला असता का? छे. जिवंत माणसाच्या अडचणीसाठी कुठलाही देव चालतो, मेलेल्याच्या पुढच्या प्रवासासाठी मात्र आपलाच रस्ता लागतो, ही गोष्ट मला खूप वर्षं खटकत होती आणि त्याचं कारण मला आता आता कळल्यासारखं वाटतंय.

नवसाचा रिझल्ट दिसतो हो. नोकरी लागली किंवा नाही लागली. नाही लागली तर दुसरीकडे जाऊन बघता येतं, हरायचं काही नसतं. मेल्यानंतरचं तसं नाही. तिथून कुणी सांगायला येत नाही की बाबांनो नीट पोचलो, तुमची पद्धत बरोबर होती. आणि जिथे चूक कळणारच नाही तिथे माणूस प्रयोग करत नाही, आजोबांनी केलं तेच करतो, उगाच रिस्क कशाला. श्रद्धेपेक्षा ही काळजी जास्त असते असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

फक्त आपल्याकडे एक सोय केलेली आहे, ती म्हणजे कावळा. कावळा म्हणजे पोचपावती. बाबांचा दहावा आम्ही बाणगंगेला केला, तिथे कावळे भरपूर, पिंड ठेवायचा अवकाश की झडप घालतात असं सगळे म्हणत होते आणि आमच्या पिंडाला एकही शिवेना. मग सुरू झालं. काका हात जोडून म्हणाले दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. कावळा जागचा हलेना. भाऊ म्हणाला बाबा मी सिगरेट सोडतो (सोडली नाहीये अजून). आत्या म्हणाली गावच्या घराचा वाद मिटवतो रे. तिकडे दुसऱ्यांच्या पिंडावर कावळ्यांची मारामारी चाललेली. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून शिवायची सोय आहेच म्हणाले, तर आई एवढा वेळ गप्प होती ती पुढे झाली आणि काहीतरी पुटपुटली, आणि एक कावळा आला. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. मी तेव्हाही आत्मा वगैरे मानत नव्हते, आताही मानत नाही, पण कावळा शिवला तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला हे खोटं कशाला बोलू.

ज्या मलबार हिलच्या पायथ्याला बाणगंगा त्याच टेकडीवर पारशांची डुंगरवाडी आहे, तिथल्या दखम्यात, म्हणजे उघड्या बुरुजात, प्रेत गिधाडांसाठी ठेवायची पद्धत. त्यांच्याकडे मृत्यूनंतर तीन रात्री आत्मा इथेच असतो, चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलावर जातो आणि तिथे त्याला त्याचीच सदसद्विवेकबुद्धी भेटते, चांगलं वागला असेल तर सुंदर तरुणीच्या रूपात नाहीतर भयानक म्हातारीच्या रूपात. मला ही कल्पना भन्नाट वाटते, म्हणजे हिशोब घ्यायला दुसरं कुणी यायच्या आधी आपणच आपल्याला भेटायचं. पण सांगायचा मुद्दा वेगळा. गिधाडं गेली. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या फेल झाल्या आणि काही वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली तोपर्यंत उशीर झाला होता. आता गिधाडं नाहीत तर दखमा चालणार कशी? प्रेतं लवकर सुकावीत म्हणून सोलर लावून बघितलं, त्यावर भांडणं झाली. मग 2015 मध्ये वरळीच्या स्मशानात पारशांसाठी प्रार्थना हॉल सुरू झाला, म्हणजे दहन करून चार दिवसांच्या प्रार्थना तिथे करता याव्यात. 2024 मध्ये रतन टाटांवर वरळीलाच विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. ज्या धर्मात अग्नी इतका पवित्र की त्याला प्रेत लावायचं नाही, तिथे काही लोकांनी अग्नी स्वीकारला, पण चार दिवसांच्या प्रार्थना सोडल्या नाहीत. म्हणजे शरीराचं काय करायचं ह्यावर माणूस तडजोड करेल एकवेळ, आत्म्यासाठी जे म्हणायचं ते बदलणार नाही.

वसईच्या मित्राकडे 2 नोव्हेंबरला सिमेट्रीत गेले होते एकदा. मृतांचा स्मरणदिन. थडगी धुऊनपुसून झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या, पोरंटोरं पळतायत, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतायत. त्यांच्यात मधला एक टप्पा असतो, पर्गेटरी, सरळ स्वर्गात जाण्याइतका स्वच्छ नाही आणि नरकात टाकण्याइतका वाईट नाही अशा माणसांसाठी, म्हणजे आपल्यापैकी सगळ्यांसाठीच, आणि इथल्यांच्या प्रार्थनेने तिथली सजा हलकी होते. प्रोटेस्टंटांनी हे सगळं काढून टाकलं, गेलेला देवाच्या हातात, तुम्ही मध्ये पडू नका. मुसलमानांमध्येही हा वाद आहेच. शब-ए-बारातला मरीन लाइन्सचा बडा कब्रस्तान गेलेल्यांसाठी दुआ करायला आलेल्या माणसांनी रात्रभर भरलेला असतो, आणि त्याच समाजात असं म्हणणारेही आहेत की ह्याला आधार नाही. पण एक गोष्ट ते सगळेच मानतात, की माणूस मेल्यावर त्याच्या कर्माचं खातं बंद होतं, फक्त तीन गोष्टी चालू राहतात, लोकांच्या उपयोगी पडत राहील असं दान, मागे ठेवलेली विद्या, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी चांगली संतती. म्हणून तर वडिलांच्या नावाने पाणपोई घालतात. पाणी पिणारा पीत राहतो, पुण्य तिकडे जमा.

उलट जैन लोक बघा. त्यांच्या तत्त्वज्ञानात आत्मा एक शरीर सोडून दुसऱ्यात जातो त्याला वेळच लागत नाही, डोळा मिटायच्या आत पुढचा जन्म. मग पिंड देणार कुणाला? म्हणून श्राद्ध नाही. हे मला सगळ्यात लॉजिकल वाटतं, कारण आपल्याकडे पुनर्जन्म पण आहे आणि पितृलोक पण आहे, आणि पणजोबांचा जर कुठेतरी जन्म झाला असेल तर पितृपक्षातली खीर खातंय कोण, हे मी लहानपणी विचारलं होतं आणि रट्टा खाल्ला होता. उत्तर पुराणात आहे म्हणे, तो देव झाला असेल तर ती खीर अमृत होऊन पोचते आणि पशू झाला असेल तर गवत होऊन. ह्यावर चार्वाकांनी कधीच टोमणा मारून ठेवलाय की असं पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच कुणालातरी जेवायला घाला.

आणि ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कुणाचं कौतुक वाटत असेल तर बाबासाहेबांचं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांना दीक्षा दिली तेव्हा 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात ब्रह्मा विष्णू महेशाला देव मानणार नाही वगैरे तर आहेच, पण श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही हे वेगळं, स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या मते त्यांनी माणूस ओळखला होता. देव सोडणं त्यामानाने सोपं, फोटो काढले भिंतीवरून की झालं. पण आई गेल्यावर तिच्यासाठी काहीच न करता बसणं हे भयंकर अवघड, तिथेच माणूस परत जुन्या दारात जातो, म्हणून ती कडी आधीच लावून घेतली. खुद्द बुद्धाला विचारलं होतं की तथागत मरणानंतर असतो की नसतो, तर त्याने उत्तरच दिलं नाही, त्या प्रश्नाने दुःख काही कमी होत नाही म्हणून.

मग माझं काय? देव आहे का ह्यावर मी वाद घालत नाही, कंटाळा येतो. प्रार्थना करते का, तर हो, विमान हलायला लागलं की करते, सगळेच करतात. मेल्यानंतर काही नाही असं मला वाटतं. पण गेलेल्या माणसासाठी काहीच म्हणायचं नाही हेही मला जमत नाही. त्यात ज्यूंची कद्दिश मला फार आवडते. मुलगा बापासाठी म्हणतो ती प्रार्थना, आणि तिच्यात ना मरणाचा उल्लेख ना मेलेल्या माणसाचा, फक्त देवाची स्तुती. एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण जमावे लागतात, म्हणजे दुःखात असलेल्याला घराबाहेर पडून लोकांत जावंच लागतं. आणि म्हणायची अकराच महिने. का, तर महापाप्याचा न्यायनिवाडा बारा महिने चालतो अशी समजूत आहे, मग पूर्ण बारा महिने म्हटली तर आपण आपल्या बापाला पापी ठरवल्यासारखं होईल! केवढी माया आहे त्या एका महिन्यात.

आपल्याकडे तर्पणात तसं काहीतरी आहे. आपल्या बापाआजोबांची नावं घेऊन झाली की एक ओंजळ त्यांच्यासाठी सोडतात जे आपले नातलग नाहीत, किंवा कुठल्यातरी मागच्या जन्मी होते, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही. भाऊ ते घाईत उरकतो, मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. गेल्या सर्वपित्रीला त्याला म्हटलं ती ओंजळ मी सोडते. तो म्हणाला बायका करतात का? गुगलवर शोध म्हटलं, पुण्यात बायका पौरोहित्य करतात ते कधीपासून. सोडली मी.

मी देहदानाचा फॉर्म भरलाय. नवरा भाविक आहे, त्याने सही केली पण म्हणाला दहाव्याला पिंड मी ठेवणारच. म्हटलं माझा विश्वास नाही. तर म्हणतो विश्वास नाही ना, मग मी काय करतो त्याने तुला काय फरक पडतो? ह्याला माझ्याकडे उत्तर नाहीये आणि त्यामुळे घरात हा वाद सुरूच आहे. तूर्तास एवढंच ठरलंय की पिंड चालेल, वडे-खीरही चालेल, पण श्राद्धाच्या पानात कारल्याची भाजी नको. त्यावर सासूबाईंचं म्हणणं असं की कारलं तर लागतंच.