तेराचा पाना बसेना

गाडी भायखळ्याच्या आमच्या गॅरेजात आली तेव्हाच मालकाने सांगून टाकलं, "काका, डुप्लिकेट आहे, जीव लावू नका. इंजिन काढा, मारुती जिप्सीचं टाका." एमजी टीडी या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी फायबरची बॉडी, खाली कुणीतरी वेल्डिंग मारून उभी केलेली चासी. सायन सर्कलला तापते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेल टाकते. तक्रार खरी होती.

पोऱ्याने ऑइल चेंबरच्या बोल्टला तेराचा पाना लावला, बसेना. चौदाचा लावला, फिरून गेला. त्याला शिवी घालून मी स्वतः खाली शिरलो. तेच. मग वडिलांच्या पेटीतला पाव इंची विटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना आणला, चपखल बसला. बोल्टचं डोकं विटवर्थ, पण आटे मेट्रिक, आठ एमएम, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.0. बाजारातला आठचा बोल्ट 1.25 चा, जोर करून घातलात तर आटे मेलेच. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना एमजीवाल्या मॉरिसने 1923 साली घेतला. मशिनं फ्रेंच मापाची, पाने इंग्रज मिस्त्रींचे, त्यातून ही खिचडी.

ब्लॉकवरचं काळं पुसलं. अष्टकोनी पितळी पट्टी, त्यावर एक्सपीएजी, म्हणजे खऱ्या एमजी टीडीचंच इंजिन. 1250 सीसी, अस्सल! गळणंसुद्धा अस्सल, कारण मागच्या बाजूला आजच्यासारखं रबरी सील नसतंच. आरसी बुकातला इंजिन नंबरही जुळला. सगळी गाडी खोटी, आणि काढून टाकायचं तेवढंच खरं.

मालकाला फोन केला. "काका, मला गाडी चालवायचीय, देव्हाऱ्यात नाही ठेवायची."

यावर मला उत्तर सुचलं नाही. 54 हॉर्सपॉवरच्या लोखंडी धुडाच्या जागी 80 चं, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं जिप्सीचं इंजिन, चावी फिरवली की चालू. गिअरबॉक्ससकट बसवलं, माउंटिंग नवी केली, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला. सहाव्या दिवशी पूर्वमुक्त मार्गावर नेली तर कुठे थरथर नाही. काम झकास झालं, हे मीच सांगतो.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद लागते. एजंट म्हणाला, "होऊन जाईल." एजंटांचं सगळं होऊनच जातं. आणि मी मालकाला म्हणालो, "कागदांचं तुमचं तुम्ही बघा." कागदावर गाडी म्हणून जे काही होतं ते मीच चेन-कप्पीला टांगून उतरवलं होतं, आणि वर हे बोललो.

जुनं इंजिन कोपऱ्यात फळ्यांवर आहे. दर सोमवारी प्लग काढून तेल सोडतो, हाताने फिरवतो. मालक विचारतो, "भंगारवाला किती देईल?" मी म्हणतो, "बघतो."