थिवीतले दोन दिवस, एका स्क्रूपायी

कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरलो. आमच्या कंपनीच्या चष्म्याच्या प्लास्टिक फ्रेमची जोडणी गोव्यात करून घेता येते का, ते पाहायचं होतं. इथल्या औद्योगिक वसाहतीत चष्म्याच्या भिंगांचं काम जुनं आहे, जीकेबी ऑप्थॅल्मिक्सही इथलीच. आम्ही गेलो ते एका लहान युनिटमध्ये.

अ‍ॅसिटेटच्या, म्हणजे फ्रेमच्या प्लास्टिकच्या, शीट इटलीच्या, त्यातून फ्रंट आणि काड्या कापल्या शेनझेनला, बिजागऱ्या जर्मन. स्क्रू मात्र स्वस्त पडतात म्हणून दुसरीकडून घेतलेले. ती खरेदी माझीच. कागदावर सगळं जुळत होतं, १.४ मिलिमीटर म्हणजे १.४ मिलिमीटर.

टेबलावर दोडामार्गहून रोज ये-जा करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी स्क्रू आवळला, काडी अर्धी उघडून सोडली. ती टपकन मिटली.

"सर, अशी पडून चालत नाही. सोडली तिथंच थांबायला हवी."

मग वीस-पंचवीस वेळा उघडझाप केली, तर स्क्रूचं डोकं वर आलेलं. त्यांनी जुना स्क्रू भिंगाखाली धरून दाखवला: आट्यांवर नायलॉनचा निळा ठिपका. तोच स्क्रूला आपसूक फिरू देत नाही. नव्यावर तो नव्हताच. मला मनापासून वाईट वाटलं. चार पैसे वाचवताना कुणाच्या तरी नाकावरून चष्मा निसटला असता.

तुम्ही जाणार असाल तर मंजूर झालेला जोडलेला नमुना हातात घेऊन जा, नुसतं ड्रॉइंग नको. माल युरोपात जाणार असेल तर बिजागऱ्यांची निकेल चाचणी आधीच करून घ्या; त्वचेला लागणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही. अमेरिकेसाठी भिंगावर १२७ सेंटिमीटरवरून पोलादी गोळी टाकून पाहतात, त्याचा अहवाल मागा. अ‍ॅसिटेट ओल धरतं, फ्रंट वाकडा होतो, म्हणून पावसाळ्यात खोकी बंद आणि सिलिका जेल भरपूर.

विमानाने आलात तर दाबोळीपेक्षा मोपा जवळ. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, गाडी लवकर काढा. आणि गणेशचवथीच्या आठवड्यात मालाची तारीख मुळीच देऊ नका, सगळे घरी गेलेले असतात.

स्क्रूची ऑर्डर मी परतीच्या गाडीत बसायच्या आधीच रद्द केली. नवे नमुने आले की पहिली काडी त्या ताईच आवळणार आहेत.