तुम्ही विचारलेत म्हणून: संगणकीकरण झाल्यावर तालिकेत सुधारायचे काय उरते?

गावोगावच्या वाचनालयांचे कार्यवाह भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यांचा तो प्रश्न प्रामाणिक असतो: "आमची सगळी पुस्तके संगणकावर चढवून झाली आहेत, मग तुम्ही अजून त्याच नोंदींवर वर्षानुवर्षे काय काम करता?" मी एका सार्वजनिक ग्रंथालयात तालिकेचे, म्हणजे वाचकाला पुस्तक शोधून देणाऱ्या सूचीचे (कॅटलॉगचे), काम करते. उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून या वेळी ते लिहून देत आहे.

संगणकावर जे चढवले गेले ती बहुतेक ठिकाणी दाखल नोंदवही होती, तालिका नव्हे. दाखल नोंदवही हा संस्थेच्या मालमत्तेचा हिशेब असतो. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत, विक्रेता आणि बिलाचा क्रमांक एवढे तिच्यात असले, की १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मिळणाऱ्या अनुदानाच्या तपासणीला ती पुरते. वाचकाचे प्रश्न मात्र वेगळे असतात. या लेखिकेचे तुमच्याकडे काय काय आहे, या विषयावर काही आहे का, आणि या ग्रंथाची कोणती आवृत्ती आहे, असे तो विचारतो. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेची उद्दिष्टे सांगितली ती जवळपास याच शब्दांत, आणि त्यानंतर नियम कितीही बदलले तरी ही उद्दिष्टे बदललेली नाहीत. आमच्याकडे संगणकावर नोंदी चढवण्याचे काम पुस्तकामागे ठरावीक दराने दिले गेले तेव्हा टंकलेखन करणाऱ्यांच्या समोर वही होती, पुस्तक नव्हते. वहीतल्या चुका तशाच उतरल्या आणि टंकलेखनाच्या नव्या चुकांची त्यांत भर पडली.

एकदा स्त्रियांच्या लेखनावर अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी विभावरी शिरूरकर यांची पुस्तके शोधत आली. संगणकाने दोन पुस्तके दाखवली आणि ती परत निघाली. मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर एकच, हे मला ठाऊक होते म्हणून मी तिला थांबवले. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आले तेव्हा हे टोपणनाव कोणाचे, याचा महाराष्ट्रभर शोध चालला होता, आणि त्या वेळी या लेखिकेचे स्वतःचे नाव बाळूताई खरे होते. आमच्याकडे तिची पुस्तके 'शिरूरकर, विभावरी', 'बेडेकर, मालती', 'बेडेकर, मालतीबाई' आणि 'मालतीबाई बेडेकर' अशा चार ठिकाणी विखुरलेली होती. पुस्तके होती, पैसे देऊन घेतलेली होती, बांधणीही दोनदा झालेली होती, पण विचारणाऱ्या वाचकाच्या लेखी ती ग्रंथालयात नव्हती. माझ्या मते तालिकेतल्या चुकीचे मोजमाप असेच करायला हवे. शुद्धलेखनाची चूक वाचकाच्या आड येत नसेल तर ती थांबू शकते. ज्या चुकीमुळे पुस्तक नाहीसे होते तिचा निकाल त्याच दिवशी लावला पाहिजे.

अशा विखुरलेल्या नावांवरचा उपाय एकेक नोंद दुरुस्त करणे हा नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी एक अधिकृत नाव ठरवायचे, तिची इतर सगळी नावे त्याच्याशी जोडायची, आणि पुस्तकांच्या नोंदी त्या एका नावाला बांधायच्या, म्हणजे एका जागी केलेली दुरुस्ती सगळीकडे पोहोचते. यालाच नावांची प्रमाणनोंद म्हणतात. मराठीला तिची गरज फार आहे, कारण आपले साहित्य टोपणनावांनी भरलेले आहे. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदी लेखनात बाळकराम. खानोलकरांची कादंबरी खानोलकरांच्या नावावर असते आणि कविता आरती प्रभूंच्या. अशा वेळी टोपणनाव पुसून खरे नाव लावावे असे काही सहकारी म्हणतात, ते मला मान्य नाही. लेखकाने पुस्तकावर जे नाव स्वतः निवडले ते नोंदीत राहिलेच पाहिजे, आणि एका नावावरून दुसऱ्याकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी उघडी असली पाहिजे.

संतांची गोष्ट आणखी निराळी आहे. आडनाव आधी लिहायचे हा नियम यांत्रिकपणे लावला, तर शेवटचा शब्द आडनाव ठरतो आणि 'महाराज, ज्ञानेश्वर' आणि 'महाराज, तुकाराम' अशा नोंदी 'म' अक्षराखाली जाऊन बसतात. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव ही नावे वेगवेगळी राहतात. ज्ञानेश्वरी, ज्ञानदेवी आणि भावार्थदीपिका हे तीन स्वतंत्र ग्रंथ असल्यासारखे दिसतात. उलट दिशेची चूक त्याहून घातक असते. एका मोहिमेत दुबार नोंदी काढून टाकताना ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या संपादकांच्या आवृत्त्या, नाव आणि लेखक सारखेच म्हणून, एका नोंदीखाली गेल्या. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली प्रत आणि साखरे महाराजांची प्रत यांच्यातला फरक हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यांच्यासाठी ती तालिका त्या दिवसापासून निरुपयोगी झाली. पुस्तके एकेक करून हातात घेऊन त्या नोंदी पुन्हा वेगळ्या करायला आम्हांला काही महिने लागले. तेव्हापासून पुस्तक समोर नसताना नोंद पुसायची नाही, हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही.

आता लिपीकडे येते, कारण मराठी तालिकांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दिसणारे दुखणे तिथे आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा 'र' संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, तर दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणताना ते जोडचिन्ह गळून पडले तर 'वार्यावर' असे तिसरेच रूप तयार होते. 'ॲ' चेही तसेच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या नोंदींत कोणी 'अ' वर चंद्र दिला, कोणी हिंदी वळणाचा 'ऍ' वापरला. त्यातच पु. ल. देशपांडे यांच्या नावात टिंबानंतर जागा सोडली की नाही, 'हिंदी' लिहिले की 'हिन्दी', यांची भर पडते. म्हणून दिसणारा मजकूर पुस्तकावर आहे तसाच ठेवावा आणि शोधासाठी मात्र ही सगळी रूपे आतल्या आत एकसारखी करून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. हे काम प्रोग्रामकडून एका रात्रीत होण्यासारखे आहे. अट एवढीच की काय काय एकसारखे करायचे, हे मराठी वाचणाऱ्या माणसाने त्याला आधी सांगितले पाहिजे.

इतर ठिकाणच्या तयार नोंदी उतरवून घेता येतात हे खरे आहे, आणि घ्याव्यातही, कारण एकच पुस्तक शंभर वाचनालयांनी शंभर वेळा टंकलिखित करण्यात शहाणपण नाही. कोहासारखी ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणकप्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. पण बाहेरच्या पुष्कळ नोंदी रोमन लिपीत असतात, आणि वरखालची चिन्हे गळालेल्या रोमन लिपीतले नाव 'काळे' आहे की 'काले', हे सांगता येत नाही. मार्क या नोंदींच्या सर्वमान्य आराखड्यात एकच तपशील दोन लिप्यांत शेजारी ठेवण्याची सोय आहे. ती वापरावी आणि देवनागरी रूप पुस्तकावरूनच भरावे.

पुस्तक म्हणजे त्याचे मुखपृष्ठ नव्हे. नोंद शीर्षकपृष्ठावरून आणि त्याच्या मागच्या बाजूवरून करायची असते. जुन्या पुस्तकांवर तिथे पुष्कळदा फक्त शके छापलेले असते. शके १८१२ पाहून वर्षाच्या रकान्यात १८१२ लिहिले की पुस्तक ७८ वर्षांनी जुने होते, आणि कालक्रमाने यादी काढणाऱ्या अभ्यासकाची पूर्ण मांडणी चुकते. शकात ७८ मिळवावेत. चैत्राच्या आधीच्या, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या काळात प्रकाशन झाले असल्यास ७९. महिना ठाऊक नसेल तर दोन्ही वर्षे द्यावीत. शंका आली की मी शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीकडे वळते. १८०० ते १९३७ पर्यंतची आणि नंतर १९५० पर्यंतची मराठी पुस्तके त्यांनी संगणकाचे नावही नसलेल्या काळात नोंदवली, आणि आजही आमच्या कित्येक डिजिटल नोंदींपेक्षा त्यांच्या ओळींत अधिक नेमकेपणा आहे.

विषयाच्या रकान्याविषयी थोडक्यात सांगते. आमच्याकडे तिथे हजारो नोंदींपुढे 'कथा', 'कादंबरी', 'चरित्र' आणि 'इतर' एवढेच होते. दया पवार यांचे 'बलुतं' कादंबरीत, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' चरित्रात आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' 'इतर' मध्ये नोंदवलेले होते. तिन्हींना 'दलित आत्मकथन' हा विषय दिल्यावर ती प्रथमच एका शोधात शेजारी आली, आणि त्यांच्या मागून कपाटात पडून असलेली त्याच प्रवाहातली कमी परिचित पुस्तकेही वाचली जाऊ लागली. विषयशीर्षक देताना वाचक तोंडाने कोणता शब्द उच्चारतो हे ऐकावे, आणि ठरवलेला शब्द मग सगळीकडे तोच ठेवावा.

तुमच्या वाचनालयात हे काम कुठून सुरू करावे, असे तुम्ही पुढे विचारता. पहिल्या क्रमांकापासून करू नका. त्या वाटेने निघालेले बहुतेक जण पहिल्या हजारातच थकतात. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. वाचकाने मागितलेले, पण संगणकाने 'नाही' म्हटलेले प्रत्येक नाव त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि रोज संध्याकाळी त्यातले एक नाव कपाटापाशी जाऊन शोधा. पुस्तक सापडले तर त्या लेखकाच्या सगळ्या नोंदी एकदम दुरुस्त करा. संगणकाचे जाणकार नसलेले, पण चाळीस वर्षे पुस्तके हाताळलेले तुमचे जुने ग्रंथपाल या कामाला सर्वांत योग्य आहेत, आणि त्यांना या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे.

आमच्या वहीतले सध्याचे नाव एका जुन्या कीर्तनसंग्रहाचे आहे. पुस्तक सापडले आहे, पण त्याचे शीर्षकपृष्ठ फाटलेले आहे आणि पाठीवरची अक्षरे पुसट झाली आहेत. त्याची दुसरी प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळते का, हे पाहायला मी येत्या शनिवारी जाणार आहे. तोवर त्या नोंदीतला वर्षाचा रकाना मी मोकळा ठेवला आहे.