एअर सस्पेन्शनमध्ये हवा किती ठेवायची? तुम्ही विचारलंत म्हणून

"हवा किती ठेवू, पीएसआयचा आकडा तेवढा सांगा", थार आणि गुरखा या ऑफरोड गाड्यांवाली पोरं मला हे सारखं विचारतात, परवा उद्यमनगरात चहाच्या गाड्यावरही एकाने हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहितो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी मोजायचा टेप घ्या, हवेचा दाब दाखवणारं गेज नंतर.

आपल्याकडे बहुतेक जण जे बसवतात ते रेंज रोव्हरमध्ये १९९२ साली आलं तसलं, स्प्रिंग काढून गाडी पूर्ण हवेवर उभी करणारं सस्पेन्शन नसतं. मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत रबराची बॅग जाते. गाडीचं वजन स्प्रिंगच उचलते, बॅग वरचा जादा भार घेते. म्हणजे सामान भरल्यावर मागून बसलेली गाडी परत जागेवर आणायची, एवढंच तिचं काम, गाडी उंच दिसावी म्हणून हवा मारायची नसते.

तर करायचं असं. गाडी सपाट काँक्रीटवर रिकामी उभी करा, बॅगेत किटच्या कागदावर दिलेली कमीत कमी हवा ठेवा (कॉइलमधल्या बॅगांना साधारण ५ पीएसआय असते, त्याखाली गेलात तर बॅग चिमटते) आणि चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत सरळ माप घ्या. समजा ५४ सेंटीमीटर आलं. आता तंबू, पाण्याचे कॅन, माणसं, सगळं भरा आणि परत मोजा, समजा ४९ आलं. मग थोडी थोडी हवा मारत ५३ च्या आसपास थांबा. पूर्ण ५४ चा हट्ट नको. जो पीएसआय तेव्हा दिसेल तो तुमचा आकडा, वहीत लिहून ठेवा. पण किटची कमाल मर्यादा ओलांडायची नाही, कॉइलच्या बॅगांना ती बहुतेक ३५ असते.

हवा सायकलच्या पंपाने मारा. बॅग इतकी छोटी असते की पेट्रोल पंपावरच्या नळीने क्षणात जास्त हवा जाते, आणि गेज लावून काढलं तरी एक-दोन पीएसआय उडतात. टायरला ते कळत नाही, इथे लगेच कळतं.

रिकाम्या गाडीत हवा जास्त ठेवली की मागचा भाग आपटतो, चाक उडतं. शाहूवाडीकडच्या जांभ्याच्या टप्प्यांवर तर चाक खाली सुटायला पाहिजे आणि बॅग फुगलेली असली की एक चाक वर चढताना ती लवकर कडक होते, मग दुसरं चाक अधांतरी. ऑफरोडला उतरताना सामान कमी असेल तर हवा कमीत कमीवर आणा.

दोन्ही बॅगांच्या नळ्या टी आकाराच्या जोडाने एकत्र करून एकच व्हॉल्व काढून देतात काही जण. मला ते अजिबात पटत नाही. करूळ घाटाच्या वळणावर भार बाहेरच्या बाजूला येतो, तिथली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा, तिरकी कापली की जोडाला गळती ठरलेली. सायलेन्सरपासून लांब फिरवा, आणि जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गगनबावड्याकडच्या पावसात लाल चिखल बॅग आणि कॉइलमध्ये अडकतो, तो सँडपेपरसारखा रबर घासतो, म्हणून घरी आल्यावर पाण्याने धुवा.

आणि आरसीवर लिहिलेलं कमाल वजन बॅग बसवल्याने एक किलोनेही वाढत नाही. एक्सल, ब्रेक, टायर तेच आहेत की.

शेवटी ब्रेकचं, हे कोणी सांगत नाही. काही गाड्यांत, पिकअपमध्ये तर बऱ्याचदा, मागच्या एक्सलला दांडी जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो, तो मागची बाजू किती बसली त्यावरून मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. बॅगेने मागची बाजू उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक तो कमी करतो. तुमच्या गाडीला तो असेल तर ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडून सेट करून घ्या, आणि ते होईपर्यंत लोड भरून घाट उतरू नका.