देणगीदारातला ‘दार’

परवा दुपारी नौपाड्यातल्या एका जुन्या सभागृहात व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते प्रस्तावनेतच घुटमळत होते, तेवढ्यात वीज गेली. मला बरंच वाटलं. डोक्यावरचा पंखा मंदावला आणि पात्यांवरच्या तांबड्या रेघांची अक्षरं होऊ लागली. एका पात्यावर ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’, दुसऱ्यावर चिरंजीवांचं नाव, तिसऱ्यावर नुसतंच ‘देणगीदार’.

शब्द चघळायची मला वाईट खोड आहे. जमीनदाराकडे जमीन असते, दुकानदाराकडे दुकान, ठेवीदाराची ठेव. मग देणगीदाराकडे काय असतं? देणगीच की! फारसीतून आलेला हा ‘दार’ मूळचा बाळगणारा, धरून ठेवणारा. म्हणजे पंखा दिला खरा, पण पातं काही हातचं सोडलं नाही. ‘दाता’ त्या मानाने मोकळ्या हाताचा. पण त्याचं अनेकवचन केलं की पंचांगच आठवतं. आणि ‘दानशूर’ कर्णाबरोबर गेला तो गेलाच, आता फक्त जाहीर आवाहनांत ‘सढळ हस्ते’च्या शेजारी उभा दिसतो. शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित, दहा हजारांत एक वक्ता, दाता मात्र असेल किंवा नसेलही, असं एक सुभाषित आहे. आमचे दहा हजारांतले एक त्या वेळी अंधारात घाम पुसत होते.

लहानपणी आमच्या चाळीत वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, चिपळ्या, पायघोळ अंगरखा. आई सुपातून तांदूळ आणायची आणि ते झोळीत ओतायचं काम माझं. दोन-चार दाणे हमखास उंबऱ्यावर सांडायचे. तो गिरकी घेऊन सुरू करायचा, ‘दान पावलं, दान पावलं, पंढरीच्या विठुरायाला, जेजुरीच्या खंडोबाला, कोल्हापूरच्या महालक्ष्मीला...’ मी कान देऊन ऐकायचो, की यादी संपता संपता आमचंही नाव येईल. नाही आलं कधी. एकदा मी फुरंगटून म्हटलं, “आई, तांदूळ आपले आणि पावले सगळे त्यांना!” आई सांडलेले दाणे वेचत म्हणाली, “मूठभर तांदळाला नाव कसलं लावतोस? जा, दात घास.”

नाव लावूनही राहतंच असं नाही म्हणा. ठाण्याचं सिव्हिलच घ्या. कागदोपत्री ते विठ्ठल सायन्ना रुग्णालय, पण रिक्षात बसून तसं सांगून बघा.

वीज आली, पंखा फिरला, चिरंजीव पुन्हा तांबडी रेघ झाले. व्याख्यानही सुरू झालं, त्याबद्दल न बोललेलं बरं. निघताना दाराशी टेबल मांडून कार्यवाह बसले होते. इमारतीची गळती, छपराचं काम, फूल ना फुलाची पाकळी. मी ५०१ रुपये काढले.

“नाव घालू की गुप्तदान?” त्यांनी पेन उचलत विचारलं.

क्षणभर चिपळ्या ऐकू आल्यासारखं वाटलं खरं.

“नावच घाला,” मी म्हटलं. “आणि करसवलतीची, ८०-जीची पावती मिळेल ना?”

पावती हातात आल्यावर बघतो तर आडनावाची वेलांटी चुकलेली. दुरुस्त करून घेतली.