आमची वाटचाल: स्कॅनरपासून रिमॅपपर्यंत

रत्नागिरीत आमचं काम सुरू झालं ते ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, एवढंच. ओबीडी (बिघाड तपासण्याच्या) सॉकेटवाल्या गाड्या वाढल्या तसा बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्यावा लागला. मग गिऱ्हाईक विचारू लागलं, "कोड काढलात, आता पिकअप वाढवून द्याल का?" आज अर्धं काम ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, नवा प्रोग्रॅम लिहिण्याचं आहे. पण वायरिंगचा हात नसता तर हे काम किनारपट्टीवर चाललं नसतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. प्रोग्रॅमची फाइल लिहिणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. लॅपटॉपवर पट्टी सरकताना दिसते, लोकांना वाटतं तेच काम. खरं काम त्याआधीचं असतं, आणि आपल्याकडे त्याची गाठ खाऱ्या हवेशी आहे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची अर्थिंगची पट्टी वरून ठीक दिसते, पण बोल्टखाली गंज धरलेला असतो. म्हणून पहिली तपासणी मल्टिमीटरची. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या वर आलं की आधी पट्टी काढून घासायची, गरज असेल तर बदलायची.

मग ओबीडी सॉकेट. सोळा पिनांपैकी ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरीचा थेट सप्लाय, ६ आणि १४ वर कॅनच्या (गाडीतले संगणक ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) दोन तारा. जुन्या गाड्यांत ७ नंबरवर के-लाइन, म्हणजे तेच बोलणं एका तारेवर. इग्निशन बंद करून, बॅटरी सोडवून ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजला, तर मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतल्या तारांमधला वेगळा मॉड्यूल) नसलेल्या गाडीत साधारण ६० ओहम यायला हवा, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. पावसाळ्यात यामागे बहुतेक वेळा उंदीर असतो. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी चिकटल्यात. पिना हिरवट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून वाळवायच्या. हे झाल्याशिवाय ईसीएम लिहिण्याचं टूल लावायचं नाही.

यानंतर येतो सप्लाय. लिहिण्याआधी ईसीएममधली जुनी मेमरी पुसली जाते. त्या वेळी व्होल्टेज पडलं किंवा केबल हलली, तर आत अर्धवट प्रोग्रॅम राहतो आणि गाडी चालू होत नाही. बऱ्याच गाड्यांत ईसीएम गप्प झाला की रेडिएटरचा फॅन फुल स्पीडने सुटतो आणि एकटाच वीस-तीस अँपिअर खातो. साधा चार्जर इथे कामाचा नाही: तो मागे पडतो, आणि त्याच्या करंटमध्ये रिपल असतो. आम्ही ५० अँपिअरच्या वरचा स्थिर सप्लाय लावतो, व्होल्टेज १३.५ च्या आसपास. तो इन्व्हर्टरवर, कारण जूनमध्ये लाईट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, स्लीप आणि अपडेट बंद, केबल यूएसबीची. ब्लूटूथ नाही.

काम अडकलंच तरी ईसीएम फुकट जातोच असं नाही. बूटलोडर (ईसीएममधला सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम) शाबूत असेल तर तीच फाइल पुन्हा लिहिता येते. तो गेला असेल तर ईसीएम काढून टेबलावर, थेट त्याच्या पिनांना जोडून लिहावं लागतं. हे बेंचचं काम आमच्याकडे वाढलं ते जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरल्यानंतर. पुरातल्या गाडीला लोक आधी चावी फिरवून बघतात, तेच नडतं. ओल्या बोर्डावर करंट गेला की तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात. बॅटरी लगेच सोडवली असेल तर बोर्ड धुऊन, वाळवून बऱ्याचदा वाचतो. नाहीच वाचला, तर त्याच नंबरचा दुसरा ईसीएम आणून जुन्यातल्या फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरींतला डेटा त्यावर उतरवायचा, म्हणजे इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) चावी ओळखतो.

आता रिमॅपविषयी, म्हणजे ईसीएममधले आकड्यांचे तक्ते (मॅप) बदलून ताकद वाढवण्याविषयी. डिझेलमध्ये पॅडल दाबलं की ईसीएम आधी टॉर्कची (इंजिनच्या ओढीची) मागणी ठरवतो, ती टॉर्कच्या मर्यादेशी ताडतो, त्यावरून डिझेलचं प्रमाण काढतो, आणि हवा किती येतेय ते बघून धुराची मर्यादा लावतो. मग रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) आणि इंजेक्टर उघडण्याचा वेळ. ही साखळी ओळीने वाढवायची असते. काहीजण फक्त इंजेक्टरचा वेळ लांबवतात; ईसीएमचा हिशोब चुकतो आणि मागे काळा धूर. रेल सेन्सरला फसवणारे बाजारातले डबे हाच हिशोब चुकवतात, फक्त बाहेरून.

टर्बो डिझेलला पंधरा ते पंचवीस टक्के वाढीची जाहिरात असते, आणि ती खोटी नाही. पण बर्फ आणि मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या पिकअपला आम्ही दहा-बाराच्या वर जात नाही. दीड हजार आरपीएमला टर्बो अजून पुरेशी हवा देत नाही. तिथे डिझेल वाढवलं तर धूर, आणि क्लच व बेअरिंगवर मार. आम्ही वाढ सतराशे-अठराशेपासून हळूहळू चढवतो. लांब चढावर एक्झॉस्टचं तापमान चढत जातं, म्हणून लोड भरूनच ट्रायल घ्यायची आणि रेल प्रेशर व बूस्टचे (टर्बोच्या हवेच्या दाबाचे) मागितलेले आणि मिळालेले आकडे शेजारी शेजारी लॉग करायचे. रेल मागे पडली तर फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर थकलेत. तिथे मॅप उतरवतो, वाढवत नाही. बिनटर्बो पेट्रोल गाडीला मात्र नाहीच म्हणतो. चार-पाच टक्क्यांसाठी पैसे घेणं बरं वाटत नाही.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, सगळ्यात जास्त विचारणा डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढण्याची. ते आम्ही करत नाही, बेकायदेशीर आहे. बाजार ते घर अशा छोट्या फेऱ्यांत फिल्टरमधली काजळी जळून साफ व्हायला लागणारं तापमान येतच नाही. अर्धवट प्रयत्नांत जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चढते. मुंबई-गोवा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एकसारखा वेग ठेवून गाडी काढा, बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं. नाही झालं तर स्कॅनरने ती काजळी जाळून (रिजनरेशन) देतो आणि ऑइल बदलतो.

वॉरंटीतली गाडी आणलीत तर आधीच सांगतो: ईसीएममध्ये किती वेळा लिहिलं त्याची नोंद राहते, कंपनीला ती दिसते. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. मूळ फाइल आम्ही सॉफ्टवेअर नंबरासह जपून ठेवतो. काही ईसीएम सॉकेटमधून वाचता येत नाहीत, तिथे त्याच नंबरची मूळ फाइल टूलच्या सर्व्हरवरून घ्यावी लागते. सर्व्हिस सेंटरने नवं सॉफ्टवेअर टाकलं की आमचा मॅप पुसला जातो. तेव्हा जुनी फाइल पुन्हा मारून चालत नाही, नव्या नंबरावर पुन्हा बांधावी लागते. म्हणून सर्व्हिसला जाण्याआधी एक फोन करा.