अँथियासचा डबा : आठव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सातही अँथियास (प्रवाळ खडकांवर थव्याने राहणारे छोटे समुद्री मासे) आता रुळलेत. तो तोरा उतरलाय. आज टँकमध्ये सहाच आहेत, पाण्यातलं नायट्रेट (सडलेल्या खाण्यातून वाढणारा घटक) नुकतंच ताळ्यावर आलंय आणि सगळ्या भानगडीचं मूळ निघालं ते भिंतीवरच्या एका स्वस्त टायमरमध्ये.

नव्यांसाठी थोडक्यात : कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर ५ बाय २ बाय २ फुटांचा टँक, खाली संप (पाणी गाळायची टाकी), संपात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि रिफ्युजियम, म्हणजे किटो शेवाळाचा कप्पा. क्षारता ३५, तापमान २६. एप्रिल-मेमध्ये पाणी थंड करणारा चिलर लागतोच, नाहीतर दुपारी तीनपर्यंत टँकचं सार होतं. मासे लायरटेल अँथियास, एक नर आणि सहा माद्या. पहिल्यांदाच अँथियास आणणार असाल तर हा किंवा बार्टलेट अँथियास, एवढंच सांगेन. जांभळ्या टुका अँथियासचे फोटो बघून जीव कितीही वरखाली झाला तरी तो मासा नवख्याचा नव्हे. माझाही नव्हे.

अँथियासचं दुखणं एकच, खाणं. समुद्रात हे मासे रीफच्या कडेला, प्रवाहात तोंड करून थव्याने तरंगतात आणि वाहत येणारा बारीक प्लवक दिवसभर टिपत राहतात. एकदम पोटभर जेवायचं आणि मग सुस्तावायचं, ही त्यांची रीतच नाही. क्लाउनफिश सकाळ-संध्याकाळच्या दोन घासांवर वर्षानुवर्षं गुबगुबीत राहतो. अँथियास तेवढ्यावर आधी नीट दिसतो, मग महिन्याभरात वाळतो आणि एक दिवस दिसतच नाही. म्हणून आमच्याकडे पाच वेळा जेवण. एवढी सरबराई जावयाचीही होत नाही, असं आई म्हणते.

मासा वाळलाय का, हे बाजूने बघून कळत नाही. बाजूने सगळेच सुदृढ. तो तुमच्याकडे तोंड करून येईल तेव्हा बघा : डोळ्यांच्या मागे, मानेपाशी मांस भरलेलं हवं. तिथे खळगा पडून पाठीची धार वर आली असेल, तर पोट गोल दिसत असलं तरी फसू नका. ते आत्ता खाल्लेलं असतं.

मेन्यू असा : फ्रोझन मायसिस आणि कॅलॅनस (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) आणि गाबोळी. गाबोळी गणेश पेठेच्या मासळी बाजारातून. वरचा पडदा फाडून अंडी चहाच्या गाळणीत काढायची आणि आरओच्या पाण्याखाली बोटाने हलकेच फिरवत धुवायची. सुरुवातीला पाणी दुधाळ येतं, ते स्वच्छ येईपर्यंत. मग पिशवीत पापडासारखी पातळ पसरून फ्रीझरमध्ये. लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. हे चालू असताना आई ओट्यापाशी उभी राहून उसासे टाकते : "अरे, एवढी ताजी गाबोळी, तळून किती छान झाली असती!" ताजा जवळा मिळाला तर तोही बारीक चिरून घालतो. सुका, खारवलेला जवळा मात्र टँकच्या आसपासही आणायचा नाही. पेलेटवर (कोरड्या तयार दाण्यांवर) यायला माशांना दोन महिने लागले. मायसिसमध्ये चार-चार दाणे मिसळून टाकायचो. सर्वांत मोठ्या मादीने आधी खाल्ले, मग बाकीच्यांनी तिचं बघून.

आता भानगड. सकाळी ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा मी घालतो. मधल्या तीन वेळा आई बघायची. ती दोन महिन्यांसाठी मामाकडे साताऱ्याला गेली. तिच्या जागी मी छोटा फ्रिज, त्यात खाऱ्या पाण्यात कालवलेल्या खाण्याची बरणी आणि ठरलेलं माप टँकमध्ये सोडणारा डोसिंग पंप बसवला. खाणं तळाशी बसू नये म्हणून बरणीत बुडबुडे सोडणारा एअरस्टोन. नळी फ्रिजबाहेर जेमतेम फूटभर, कारण नळीत राहिलेलं खाणं पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत सडतं आणि ती घाण पुढच्या डोसला टँकमध्ये जाते. पंप चालवायला पिनांची गोल तबकडी असलेला साधा टायमर : दहा, एक आणि चार. पहिला आठवडा सुरेख गेला.

तिसऱ्या आठवड्यात मासे वाळायला लागले. मानेपाशी खळगे. मी हुशारी केली, पंपाचा डोस दीडपट केला. मासे आणखी वाळले आणि नायट्रेट १० वरून २८ वर गेलं, फॉस्फेटही चढलं, मॉन्टिपोरा कोरल तपकिरी पडला. खाणं वाढतंय, पाणी बिघडतंय आणि मासे उपाशी. जंत असतील म्हणून औषध मागवलं. कुणाच्या अंगावर लाल चट्टा आहे का, हे भिंग घेऊन बघितलं, कारण अँथियासला युरोनिमा या परजीवीची धास्ती असतेच. काहीच नाही.

एका रात्री तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. हॉलमधून आवाज आला : किर्रर्र. थांबला. पुन्हा किर्रर्र. मोबाइलचा टॉर्च काचेला लावला, तर अंधाऱ्या पाण्यात कॅलॅनसचा गुलाबी ढग निवांत उतरत होता आणि खाणारे सगळे दगडांच्या फटीत झोपलेले. दोन-चार ब्रिसल वर्म मात्र वाळूतून बाहेर येऊन मेजवानी झोडत होते. वळून टायमरकडे बघितलं. तबकडीवर दुपारचा एक वाजला होता.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. पाणी फिरवणारे रिटर्न पंप आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहेत, दिव्यांना स्वतःचं घड्याळ आहे. टायमर मात्र साध्या प्लगवर. वीज गेली की तबकडी थांबते, आली की थांबली तिथूनच पुढे फिरते. पहिला गुरुवार पाच तास, दुसरा चार, तिसरा पाच. चौदा तास मागे. म्हणजे दहाचं जेवण रात्री बाराला, एकचं पहाटे तीनला, चारचं सकाळी सहाला. दिवे सकाळी आठला लागतात, तोवर सगळं दगडांमागे जाऊन सडलेलं. मी गुरुवारी ऑफिसात, आई साताऱ्याला, सांगणार कोण?

इथवरची चूक भरून निघाली असती. पुढची नाही. त्या भरात मी हॉलची ट्यूबलाइट खाडकन लावली. आत धावपळ उडाली, एकदा पाणी उसळल्याचा आवाज आला, मी दिवा घालवून झोपलो. सकाळी नर सोफ्याखाली सापडला. टँकवर जाळी आहे, पण पंपाची नळी आत सोडायला मीच तिचा कोपरा कापला होता, चार बोटं रुंद. ते भोक आता बुजवलंय. रात्री टँकपाशी जायचंच झालं तर दुसऱ्या खोलीतला दिवा लावतो.

डागडुजी साधी होती. आतल्या बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर आणला, डोस मूळच्यावर आणला, तीन आठवडे दर रविवारी १५ टक्के पाणी बदललं. नायट्रेट १२ वर आहे. शून्यावर न्यायची घाई नाही, एकदम खाली ओढलं तर कोरल फिकट पडतात. मानेचे खळगे भरायला महिना लागला.

नर गेल्यानंतरचं मात्र बघण्यासारखं होतं. लायरटेलमध्ये सगळे आधी मादीच असतात, नर हा नंतर बदललेला. डग्लस शपिरो यांनी १९८० मध्ये याच माशावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : गटातून जितके नर काढले, जवळपास तितक्याच माद्या एकीमागून एक नर झाल्या. माझ्याकडे एकच गेला, त्यामुळे एकीचीच पाळी. तिसऱ्याच दिवशी मोठी मादी, तीच पेलेटवाली, बाकीच्यांना हाकायला लागली. दहाएक दिवसांनी केशरी अंगावर जांभळट झाक आली. मग पाठीच्या पराचा तिसरा काटा लांबायला लागला, छातीच्या परावर लालसर ठिपका उमटला. आता तो माद्यांसमोर वरून खाली सूर मारतो, पुन्हा वर येतो, पर ताणून. एवढा रुबाब जुन्यालाही नव्हता.

परवा आई परत आली. पिशव्या खाली ठेवायच्या आधी टँकपाशी गेली.

"हा नवा कुठून आणलास?"

"आणला नाही. ती मोठी होती ना, तीच."

आई थोडा वेळ बघत राहिली. मग फ्रिज, नळी आणि टायमरकडे एकेक नजर टाकून म्हणाली, "एकचं मी घालते. ते यंत्र बंद कर."

दहा आणि चारचं यंत्राकडेच ठेवलंय. एकची वेळ टायमरमधून काढली.